पार्ट कोहिनूरला मिळंल

हुलसूरच्या बसस्टँडावर उभं राहून बंडेप्पा "आभाळ आलंय" म्हणला, तर लोक वर बघायच्या आधी त्याच्या हाताकडं बघायचे. हातात पाण्याची बादली न्हाई ना, ही खात्री करायची आणि मग मान वर. एवढी त्याची कीर्ती.

जळालेल्या मोटारीत नवा तार भरून द्यायचं त्याचं दुकान. विहिरीची मोटार, गिरणीची मोटार, पंखा, मिक्सर, जे जे म्हणून फिरतं आणि फिरायचं थांबतं, ते सगळं बंडेप्पाकडं यायचं आणि पुन्हा फिरायला लागायचं. काम एक नंबर. पण काम करता करता गिऱ्हाइकाला फिरवायची खोडही एक नंबर. गिरिधर गुरुजी रिटायर झाले, तर दुसऱ्याच आठवड्यात ह्यानं सांगितलं, वरून तोंडी हुकूम आलाय, तुमची रिटायरमेंट रद्द. बिचारे गुरुजी सकाळी डबा घेऊन शाळेच्या प्रार्थनेला जाऊन उभे. ईरण्णाला सांगितलं, तुझी सासुरवाडी टेंपो भरून येयलीय. ईरण्णानं मोठं पातेलं चढवून हुग्गी, गव्हाची गोड खीर, शिजवली. टेंपो काय आला न्हाई, पण गल्लीतल्या पोरासोरांनी बोटं चाटून हुग्गी खाल्ली, आणि त्या पोरांच्या रांगेत वाटी घेऊन बंडेप्पाही उभा होता.

त्या सोमवारी सांजच्याला वळवाचं वारं सुटलं. पाऊस चार थेंब, वारं मात्र पिसाळल्यावानी. ते थांबतंय न थांबतंय तवर बंडेप्पाचा फोन वाजला. महानंदा, धाकटी बहीण, कोहिनूर गावात दिलेली.

"अण्णा, शेड गेलं."

"कुठं गेलं?" सवयीनं बंडेप्पाच्या तोंडातून निघालं.

"पत्रे शेजारच्या रानात पडलेत. चुली फुटल्या. गिरणीच्या मोटारीत पाणी गेलंय." मग म्हणाली, "आन् येत्या सोमवारी कलबुर्गीची गाडी येयलीय."

त्या गाडीचं बंडेप्पाला ठाऊक होतं.

महानंदाचा नवरा गेला, तवा बंडेप्पा तिला न्यायला गेला होता. ती म्हणाली, "अण्णा, तुझ्या घरी मी पंचमीला येते, झोका खेळते, परत जाते. राहायला येत न्हाई." आणि घरामागच्या जागेत पत्र्याचं शेड ठोकून तिनं कडक भाकरीचं केंद्र काढलं. शैलश्री आणि गावातल्या आणखी दोघी हाताखाली. ज्वारी आपल्याच गिरणीत दळायची, पापडासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावरून काढून चुलीतल्या निखाऱ्याच्या आहाराला कडक वाळवायची, चळत बांधायची. पहिल्यांदा लग्नकार्यापुरतं चाललं. आता कलबुर्गीच्या एका मोठ्या वसतिगृहानं बोलणी केली होती. दर सोमवारी गाडी येणार, भाकरी नेणार. पण तिथल्या माणसानं साफ सांगितलं होतं, पहिली गाडी रिकामी आली तर दुसरं केंद्र तयारच हाय. मग शैलश्री आणि त्या दोघी पुन्हा लोकांच्या रानात खुरपायला, आणि महानंदा भावाच्या दारात.

"सोमवारी तुझी चूल पेटंल," बंडेप्पा म्हणला.

"मजाक करायलास का?"

"न्हाई बाई."

तिनं फोन ठेवला. तिचा विश्वास बसला का न्हाई, कळालं न्हाई.

बंडेप्पा तसाच चौकातल्या चहाच्या हॉटेलात शिरला. ईरण्णा बशीत चहा ओतत बसला होता. त्याच्याकडं ट्रॅक्टर, ट्रॉली. बाजूला गिरिधर गुरुजी पेपर वाचत. त्यांच्या घरी गावातली सगळ्यात लांब शिडी.

"महानंदाच्या शेडचे पत्रे उडाले! ईरण्णा, सकाळी ट्रॅक्टर काढ, कोहिनूरला जायचंय."

"उडाले का?" ईरण्णा बशी फुंकत म्हणाला. "कुठवर गेले? बिदर गाठलं असंल की."

"यार, खरंच सांगायलोय."

"हुग्गीच्या टायमाला पण खरंच सांगत होतास."

आख्खं हॉटेल हासलं. गुरुजींनी पेपर खाली केला, चष्म्यावरून बघितलं. "बंडेप्पा, निदान तोंड तरी सरळ ठेव. ओठाचं टोक वर गेलंय तुझं."

बंडेप्पानं हात लावून बघितलं. खरंच गेलं होतं. लहानपणापासून त्या ओठाला सरळ राहायची सवयच नव्हती. बहिणीचं शेड उडालंय, आणि हे तोंड आपलं चावट ते चावटच. तो जेवढा "खरंच, खरंच" म्हणायला लागला, तेवढं हॉटेल जोरात हासायला लागलं.

मंगळवारी सकाळी तो आणि बायको जगदेवी गाडीवरून कोहिनूरला गेले. शेडाचा सांगाडा वाकून उभा. पत्रे रानभर पांगलेले, एक तर बाभळीत अडकून बसलेला. पत्र्यावर वजनाला ठेवलेले दगड खाली पडून त्यांनीच चुली फोडल्या होत्या. सगळ्या गावात पत्रे दगडावरच ऱ्हातेत, पण असल्या वाऱ्यापुढं दगड काय करणार. महानंदा पदर खोचून काळी माती आणि शेण कालवत बसली होती. फुटलेल्या चुलीच्या जागी नवी चूल निम्मी उभी.

"चुली मी करते," ती वर न बघता म्हणाली. "गिरणी तू बघ. वरचं कसं करायचं ते बोल."

बंडेप्पानं मोटार खोलली, पाणी काढलं, कॉइल उन्हाला ठेवली. ते त्याच्या हातातलं काम. पण वाकलेले लोखंडी अँगल कापून पुन्हा जोडायला वेल्डर पाहिजे, पत्रे गोळा करून आणायला ट्रॉली पाहिजे, वर चढायला शिडी पाहिजे, आणि दगडाऐवजी बोल्ट मारून पत्रा आवळायचा तर वर दोन माणसं, खाली दोन माणसं पाहिजेत. वेल्डर म्हणजे राजशेखर. जगदेवीचा मावसभाऊ, मन्नाएखेळ्ळीला हायवेवर त्याचं दुकान. त्यालाही बंडेप्पानं रात्रीच फोन केला होता. "दाजी, ह्या खेपेला नवीन काहीतरी शोधा," म्हणून त्यानं हासत फोन कट केला होता.

परत येताना जगदेवी मागून म्हणाली, "सावड घाला की."

सावड तिकडं सगळ्यांना ठाऊक. आज मी तुझ्या कामाला हात लावतो, उद्या तू माझ्या कामाला ये. पेरणीला, खळ्याला, घर शाकारायला अशीच माणसं गोळा होतेत.

बंडेप्पानं गाडीच हळू केली. "तेंच्या घरचं काय काय बंद हाय ग?"

"कामून?"

"सांग तर."

"ईरण्णाचा कूलर. गुरुजींच्या इंदुताईंचा मिक्सर, ते कवाचे सांगायलेत. आन् राजूचं वेल्डिंगचं मशीन मधीमधी बंद पडायलंय म्हणत होता."

आरशात जगदेवीला नवऱ्याचा ओठ दिसला. टोक वर गेलेलं, आणि ह्या खेपेला अगदी मनापासून. ती म्हणाली, "देवा बसवण्णा."

बुधवारी बंडेप्पा बोलावल्याबिगर ईरण्णाच्या दारात. "कूलर कुठाय?" ईरण्णा बघतच राहिला. किती उन्हाळे सांगून थकलेला माणूस तो. बंडेप्पानं पंखा साफ केला, वायर बदलली, बटण दाबलं. भर्रदिशी वारं सुटलं. ईरण्णा बनियनवर समोर जाऊन बसला.

"वारं आलं यार! पण गरम कामून येयलंय?"

"आत पाणी चढवायचा पंप न्हाई ना."

"पंप कुठं गेला?"

"माझ्याकडं हाय. रविवारी कोहिनूरला मिळंल, महानंदाच्या घरी. जड हाय, ट्रॅक्टर घेऊन ये."

"एवढा एवढा पंप, ट्रॅक्टर कशाला?"

पण बंडेप्पा गाडीला किक मारून गेला होता.

गुरुवारी गुरुजींकडं. इंदुताईंनी चहा ठेवला, पोहे केले, मिक्सर पुढ्यात आणून ठेवला. बंडेप्पानं असा काही दुरुस्त केला की नव्याहून जोरात फिरायला लागला. इंदुताई खूश. शेंगाची चटणी करायला त्यांनी दाणे ओतले आणि झाकण शोधायला लागल्या.

"झाकण?"

"रविवारी कोहिनूरला मिळंल, ताई. उंच ठेवलंय. गुरुजी, शिडी घेऊन या."

"मुकाट्यानं झाकण दे, बंडेप्पा!"

"शिडी इसरू नका, गुरुजी."

इंदुताईंनी झाकणाऐवजी ताटली धरून मिक्सर लावला. चटणी भिंतीवर, कपाटावर, गुरुजींच्या चष्म्यावर. दुपारभर त्या गल्लीत बंडेप्पाच्या नावाचा उद्धार चालला होता, आणि बंडेप्पा कोहिनूरला उन्हात उकिडवा बसून घणानं अँगल सरळ करत होता. तळव्याला फोड आले, फुटले, वर चिंधी बांधली. जगदेवी रानातून पत्रे ओढून आणायची. बाभळीतला पत्रा महानंदा आणि शैलश्रीनं काठीनं ढोसून काढला. मोटार कोरडी झाली, पण चालू केली की घुं करून थांबायची. बंडेप्पानं ती पुन्हा खोलली, जळका तार ओढून काढला, शुक्रवारचा दिवसभर नवा तार भरत बसला. जेवायला हाक मारली तर "हां" म्हणायचा आणि बसायचा तिथंच. संध्याकाळी गिरणी गरगर फिरली, शैलश्रीनं ओंजळभर ज्वारी टाकली, पीठ आलं. महानंदानं पीठ चिमटीत धरून बघितलं. "बारीक हाय," एवढंच म्हणाली.

शनिवारी भल्या सकाळी मन्नाएखेळ्ळी. राजशेखरचं मशीन बंडेप्पानं चहा थंड व्हायच्या आत नीट केलं. राजशेखर आतून पाणी पिऊन आला, तर मशीन चालू आणि वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर गायब.

"दाजी!"

"रविवारी कोहिनूरला," बंडेप्पा गाडीवरून ओरडला. "मशीन संगट आण, लावून देतो."

"दाजी, आज गेट द्यायचंय हो मला! दाजी!"

हायवेवरून एक ट्रक आडवा गेला. बंडेप्पानं आरशात बघितलं न्हाई.

रविवारी सगळे आले. पहिला ईरण्णा, ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन, घामानं चिंब आणि तोंडानं कानडी-मराठी दोन्ही भाषांत शिव्या. मागून ओळखीच्या छोट्या टेंपोत शिडी आडवी टाकून गुरुजी, आणि शिडीवर हात ठेवून इंदुताई. शेवटी राजशेखरची गाडी, मागं मशीन बांधलेलं. तो मात्र शिव्या देत नव्हता.

बंडेप्पाला उकळ्या फुटत होत्या. ट्रॅक्टर आला, शिडी आली, मशीन आलं, माणसं आली. आता पिशवीतनं एकेक पार्ट काढायचा आणि म्हणायचं, हा घे पंप, आधी जरा हे पत्रे उचल. हे घ्या झाकण, जरा शिडी इकडं लावा. हासतेत, चिडतेत, पण कामाला लागतेत. सावड झालीच की.

"हे उडालेलं खरंच हाय?" ईरण्णा शेडाकडं बघत म्हणाला. त्याच्या शिव्या अर्ध्यात थांबल्या.

"मग! मी काय खोटं बोलतो?" बंडेप्पानं पिशवी उचलली.

पिशवी दुसऱ्या बाजूनं महानंदानं धरली. जगदेवीनं तिला सकाळी सगळं सांगितलं होतं. तिनं पिशवी ओढून घेतली, तोंड उघडून बघितलं आणि एकेक वस्तू ज्याची त्याच्या हातात दिली. पंप ईरण्णाच्या, झाकण इंदुताईंच्या, होल्डर राजशेखरच्या. देताना प्रत्येकाला हात जोडून "शरणु" म्हणाली. मग शैलश्रीकडून गुळाचे खडे आणि पाण्याचे तांबे मागवून समोर ठेवले.

"माझ्या भावानं तुमच्या घरातनं चोरून आणलं, हे माझ्या दारात निघालं, मला लाज वाटायलीय. तुम्ही पाणी प्या आन् जावा. इथलं काम तुमच्यावर न्हाई."

"महानंदा, येडी झालीस का?" बंडेप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "उद्या गाडी येयलीय! मी आठवडाभर सावड घालायलोय, तेंची कामं करून दिलोय की!"

"सावड?" ती वळली. "सावड उंबऱ्यावर जाऊन मागतेत, अण्णा. समोरचा व्हय म्हणला की ती सावड. तू तेंला इचारलास?"

"इचारलो असतो तर हासले असते."

"मग हासू द्यायचं. हासून घेतले असते आन् आले असते, न्हाईतर न्हाई आले असते. फसवून आणलेल्या माणसानं ठोकलेल्या पत्र्याखाली मी भाकर थापणार न्हाई. गाडी रिकामी गेली तरी चालंल."

आणि ती जाऊन चुलीला शेवटचा हात फिरवायला लागली. गाडी रिकामी गेली तर चालणार न्हाई, हे तिथं सगळ्यात जास्त तिलाच ठाऊक होतं.

राजशेखरनं पाणी पिलं, गूळ खिशात टाकला, गाडीला किक मारली. "दाजी, कालचं गिऱ्हाईक तीन गावं पलीकडनं आलतं," जाता जाता म्हणाला. "तेच्या घरी आज वास्तू हाय. सगळ्यांसमोर मला काय काय बोलून गेलं, ते तुम्हाला सांगून उपयोग न्हाई." आणि गेला.

बंडेप्पा ईरण्णापुढं उभा राहिला. "ईरण्णा, तुझी मदत पाहिजे. बहिणीचं शेड उभं करायचंय. ये म्हणून मागायलोय."

ईरण्णानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग ट्रॅक्टरखाली वाकून बघितलं. मग सीटखाली हात घालून बघितलं. "काय ठेवलास खरं सांग. बेडूक?"

"काय न्हाई ठेवलो."

"ओठ बघ तुझा!"

गुरुजी लिंबाखाली जाऊन बसले. "थांबू या जरा," इंदुताईंना म्हणाले. "ह्याचा दुसरा अंक अजून बाकी असणार."

बंडेप्पानं ओठ दातात धरून बघितला, तर तेही मजाकच वाटायला लागलं. तवा त्यानं बोलणं सोडलं आणि गाडी काढली.

"कुठं चाललाव?" जगदेवी म्हणाली.

"उंबऱ्यावर."

मन्नाएखेळ्ळीपर्यंत वाटेत कुठं पाण्याला सुद्धा थांबला न्हाई. दुकानाला लागूनच राजशेखरचं घर. बंडेप्पानं चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडं उभा राहिला. राजशेखर नुकताच येऊन हातपाय धुत होता. दुकानासमोर दोन ट्रकवाले, एक चहावाला, सगळे ओळखीचे, सगळ्यांची मान लगेच वर. बंडेप्पा आलाय म्हणजे काहीतरी बघायला मिळणार.

"राजू, चुकलो. सावड मागायला आलोय. महानंदाच्या शेडाला अँगल जोडून दे. तू कवा बोलावशील तवा मी येतो, म्हणशील ते करतो."

चहावाला खीं करून हासला. राजशेखरनं तोंड पुसलं. मग दुकानापुढं उभ्या केलेल्या एका लोखंडी गेटाकडं बोट दाखवलं. "म्हणंल ते करता? मग ते गेट धरा. हालवू नका. मी आतनं कांड्या घेऊन येतो, जोडायचंय."

बंडेप्पानं गेट धरलं. लोखंड उन्हानं तापलेलं, फुटलेले फोड त्याच्यावर. राजशेखर आत गेला तो गेलाच.

जरा वेळानं बंडेप्पाची नजर सांध्यावर गेली. सांधा जोडलेला होता. दुसराही. वरून घासून, लाल रंगाचा पहिला हात सुद्धा मारलेला. गेटाला धरायची कायच गरज नव्हती. ते भिंतीला टेकवून वाळत ठेवलं होतं. ट्रकवाल्यांना ठाऊक होतं, म्हणून तर ते पाय पसरून बसले होते. चहावाल्यानं फोन काढून फोटो घेतला. "बंडेप्पा, घट्ट धर हां, पडंल!"

असली चाल बंडेप्पानं आजवर किती जणांवर केली होती. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर बंडेप्पानंच सगळ्यात आधी टाळी वाजवली असती. आणि खरं सांगायचं तर चाल झकास होती, एवढी झकास की आतून त्याला हासूच आलं. पण गेट त्यानं सोडलं न्हाई. सावली सरकली, पाठीवर ऊन आलं. एका हातातलं बळ गेलं की दुसऱ्यानं धरायचा. ट्रकवाले हासून हासून थकले, एक जण उठून गेला. चहावाल्याचा आवाजही बसला. शेवटी त्यानंच एक कप आणून समोर धरला. "घे. आन् सोड आता. ते जोडलेलंच हाय."

"ठाऊक हाय मला," बंडेप्पा म्हणाला.

"मग धरलास कशाला?"

"तेनं धर म्हणलाय."

राजशेखर दारातच उभा होता. कवापासून होता कुणास ठाऊक. तो पुढं आला, बंडेप्पाचे हात उलटे करून तळव्यावरच्या चिंध्या बघितल्या.

"काल शेजारच्या दुकानातनं होल्डर मागून आणलो, कामाला लागलो. पण तवर गिऱ्हाईक चिडून दुसरीकडं गेलतं," तो म्हणाला. "हे गेट आता माझ्याच गळ्यात."

"मी गिऱ्हाईक बघतो."

"तुम्ही नक्को!" राजशेखर एकदम म्हणाला, आणि पहिल्यांदा हासला. "तुम्ही बघितलेलं गिऱ्हाईक गेट उलटं लावून घेऊन जाईल. चला. मशीन गाडीवरच हाय."

"येयलास?"

"मागितलाव की तुम्ही. मग न्हाई कसं म्हणायचं?"

दोघं कोहिनूरला पोचले तवा ऊन कललं होतं. लिंबाखाली ईरण्णा आडवा, गुरुजी बसलेले. इंदुताई मात्र केव्हाच शैलश्रीशेजारी जाऊन ज्वारी निवडायला लागलेल्या. मशीन उतरताना बघून ईरण्णा उठून बसला.

"राजू, तू परत कशाला आलास?"

"दाजी दारात आलते, सावड मागायला. चपला काढून."

ईरण्णानं गुरुजींकडं बघितलं, गुरुजींनी ईरण्णाकडं. बंडेप्पा दोघांपुढं येऊन उभा राहिला. बोलायला लागणार, तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला. "आता परत बोलू नकोस बाबा. तुझं तोंड दिसलं की माझी खात्री जाते. तुझे हात बघितले मी, तेवढं पुरे." ते उठले आणि धोतर आवरून शिडीच्या एका टोकाला लागले.

"आन् माझी हुग्गी?" ईरण्णा म्हणाला.

"तुझ्या रानातल्या बांधाचे दगड उचलायला येतो. लागतील तेवढे दिवस."

"दगड लई हायेत."

"असू दे."

"मग चल." ईरण्णानं ट्रॉलीचं फळकं खाली पाडलं.

महानंदा चुलीपाशी उभी राहून हे बघत होती. बंडेप्पानं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "सगळे व्हय म्हणले?"

"व्हय."

"तेंच्या तोंडानं?"

"तेंच्या तोंडानं," ईरण्णाच ओरडला. "अक्का, आता पाणी दे आन् बाजूला सर, ठिणग्या उडतेत!"

मग जे काम सुटलं! राजशेखरनं वाकडे अँगल कापले, जोडले. गुरुजी शिडी धरून खालून सूचना देत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. ईरण्णा पत्रा खालून सारायचा, वरून बंडेप्पा ओढून घ्यायचा, भोक पाडायचा, बोल्ट घालायचा, खालून जगदेवी बोल्टाची चाकी, म्हणजे नट, फिरवून आवळायची. एक बोल्ट, दुसरा बोल्ट. "आवळ अजून," बंडेप्पा वरून. "तुटंल की," जगदेवी खालून. "तुटला तर दुसरा हाय, आवळ." चुलीच्या वरचे पत्रे झाले. थापायच्या जागेवरचे झाले. उजेड जात आला, तवा गिरणीवरचं तोंड उघडंच राहिलं होतं. दोन पत्रे चिरडून गेले होते, ते काय कामाचे नव्हते.

"ते राहू द्या," महानंदा म्हणाली. "गिरणीवर ताडपत्री टाकते. दळण मी आताच करून ठेवते. सकाळी चूल पाहिजे, ती झाली."

सोमवारी उजाडायला तिनं नव्या चुलीत कापसाची पळाटी सारली. ओल्या मातीचा वास आला, आधी धूर धूर, मग जाळ. शैलश्रीनं तवा टाकला. चौघी ओळीनं बसल्या आणि थप थप थप आवाज सुरू झाला. इंदुताई मुक्कामालाच राहिल्या होत्या, त्या पाचव्या. त्यांच्या भाकरीला कोपरे येत होते. शैलश्री म्हणाली, "ताई, तुमची भाकर बिदरचा नकाशा व्हायलीय." इंदुताई म्हणाल्या, "मग कलबुर्गीच्या पोरांना भूगोल शिकू दे." भाकरी तव्यावरून निघून चुलीच्या कडेनं उभ्या राहायच्या, कडक व्हायच्या, चळत वाढायची. मधेच वाऱ्याचा एक झोत आला. सगळ्यांचे हात थांबले, माना वर. पत्रा कुरकुरला आणि जागेवर बसला. महानंदानं पुढचा गोळा उचलला.

गाडी दुपारच्या आधी आली. ड्रायव्हर उतरून शेडाकडं बघत म्हणाला, "वाऱ्यात इकडची लई शेडं गेली म्हणून ऐकलो. मला वाटलं, रिकामंच जावं लागतंय."

बंडेप्पा वर होता, गिरणीच्या उघड्या बाजूला. ईरण्णाच्या जुन्या गोठ्यावरनं आणलेले दोन पत्रे बसवत. ड्रायव्हरचं बोलणं ऐकून त्याचा ओठ आपोआप वर गेला. तोंडात एक फर्मास थाप तयार झाली, अगदी जिभेच्या टोकावर. त्यानं खाली बघितलं. महानंदा चळत मोजून गाडीत लावत होती, प्रत्येक चळतीला फडकं नीट दाबत, एक तुकडा सुद्धा मोडू न देता.

"भाकरी तयार हायेत," बंडेप्पा वरून म्हणाला. "हळू ने. खड्ड्यात आपटू नको."

"एवढंच?" राजशेखर खालून म्हणाला.

"एवढंच."

गाडी भरली, दार लागलं. महानंदा ती वळणावर जाईपर्यंत बघत राहिली न्हाई. तव्यावर भाकर होती. ती उलटून तिनं शिडीपाशी येऊन हाक मारली, "अण्णा, खाली ये, गरम हाय तवर खा."

"हा एक बोल्ट राहिलाय."

"मग तो आवळ आन् ये," ती म्हणाली, आणि खालून चाकी धरायला स्वतःच हात वर केला.